कुठे आणि कशावर: युरोपच्या किनाऱ्यावरच्या इवल्या सागरी गोगलगायी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, सेंट किल्डा बेटांपासूनही सुमारे ३०० किलोमीटर पुढे, भर अटलांटिकमध्ये रॉकॉल नावाचा एक सुळका पाण्याबाहेर डोके काढून उभा आहे. उंची जेमतेम १७ मीटर. वादळात लाटा त्याच्या माथ्यावरून जातात. अशा खडकावर लिटोरिना सॅक्सॅटिलिस ही सेंटिमीटरभर लांबीची गोगलगाय वस्ती करून आहे. तिच्याच भावकीतली लिटोरिना लिटोरिया मात्र तिथे नाही. ही लिटोरिया नॉर्वेपासून पोर्तुगालपर्यंत इतकी मुबलक, की आयर्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यांवर लोक ती पोत्यांनी गोळा करतात आणि फ्रान्स-स्पेनच्या बाजारात ती उकडून खायला विकली जाते. दोघींची जन्माची रीत पाहिली की या गोष्टीचे नवल अधिकच वाटते. लिटोरियाची मादी अंडी पाण्यात सोडते. त्यातून निघालेली डिंभके काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि मग कुठेतरी खडकाला लागतात. सॅक्सॅटिलिसची मादी पिल्ले पोटातच वाढवते आणि चिमुकल्या शंखासकट रांगती पिल्ले आपल्या शेजारी खडकावर सोडते. म्हणजे जिच्याजवळ दूर जाण्याचे साधन आहे ती पोहोचली नाही, आणि जी जन्मभर काही मीटरांच्या पलीकडे सरकत नाही ती पोहोचली. स्वीडनच्या केर्स्टिन योहानेसन यांनी १९८८ साली या कोड्याला ‘रॉकॉलचा विरोधाभास’ असे नाव दिले.

कोड्याचे उत्तर कळले की युरोपच्या किनाऱ्यावरच्या लहान गोगलगायींचा सगळा पसारा वेगळा दिसू लागतो. लिटोरियाची एखादी मादी योगायोगाने रॉकॉलवर आली, तरी तिची डिंभके महासागरात निघून जातील. ती फिरून त्याच सुळक्यावर येऊन लागतील ही शक्यता जवळजवळ नाहीच. सॅक्सॅटिलिसची मात्र एक मादी वाहत्या शेवाळाला चिकटून आली तरी पुरे. तिच्या पोटात पिल्ले असतात, शिवाय अनेक नरांचे शुक्राणू साठवलेले असतात. एकाच मादीच्या पिल्लांचे १५ हून अधिक बाप असल्याचे जनुकीय तपासणीत आढळले आहे. पिल्ले आईजवळच वाढतात, एकमेकांना सहज सापडतात, आणि वस्ती उभी राहते. दूर पोहोचणे आणि तिथे टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नकाशावरचा ठिपका टिकणारीलाच मिळतो.

या विषयावरचे जुने-नवे लेखन वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. वितरणाचा विषय निघाला की चर्चा पाण्याच्या तापमानापासून आणि खारेपणापासून सुरू होते. ही कारणे खरीच आहेत. पण माझ्या मते त्यांच्याही आधी दोन प्रश्न विचारायला हवेत: ही गोगलगाय जन्माला कशी येते, आणि ती कशावर बसते? मोठा मासा शेकडो किलोमीटरांच्या समुद्रात राहतो. दोन-तीन मिलिमीटरच्या गोगलगायीचा समुद्र म्हणजे शेवाळाचा एक झुबका, खडकातली एक फट किंवा एका कालवाची कड. देशाच्या नकाशावर ठिपका देऊन तिचा पत्ता सांगता येत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, सुदैवाने, तिच्या अंगावरच लिहिलेले असते. शंख टोकापासून वाढत जातो, त्यामुळे अगदी टोकाचे वेढे म्हणजे बालपणीचा शंख, तसाच जपलेला. हे टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यावर बारीक, अनेक वेढे दिसले, तर ती गोगलगाय बालपणी पाण्यात तरंगत, खात-पीत वाढली. टोक बोथट, मोठे आणि एक-दीड वेढ्याचे असेल, तर ती अंड्यातून थेट रांगत बाहेर आली. रिकाम्या, शेकडो वर्षे जुन्या शंखावरूनही हे वाचता येते. अझोर्स बेटांवर आणि पोर्तुगालच्या पश्चिमेला बुडालेल्या सागरी पर्वतांवर रिसोइडी या कुळातल्या, म्हणजे सर्वसाधारणपणे पाच मिलिमीटरच्या आतल्या, गोगलगायींच्या कितीतरी जाती केवळ तिथल्याच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे शंखाचे टोक बोथट आहे. सर्ज गोफास यांनी या पर्वतांवरच्या रिसोइडींवर केलेले काम या संदर्भात मुळातून पाहण्यासारखे आहे. एकदा पोहोचले, तरंगण्याची सवय गेली, मग बाहेरचे संबंध तुटले आणि प्रत्येक पर्वतावर वेगळी जात घडत गेली, असा हा इतिहास आहे.

आता किनाऱ्याकडे वळू. कोकणातल्या वाचकाला भरती-ओहोटी सांगायला नको, पण युरोपात तिचा पल्ला ठिकाणोठिकाणी फार बदलतो. फ्रान्समध्ये सेंट मालोच्या उपसागरात उधाणाच्या वेळी पाणी १२ मीटरपर्यंत वर-खाली होते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक हातभर किंवा त्याहून कमी, आणि बाल्टिकमध्ये जवळजवळ शून्य. त्यामुळे ब्रिटनी किंवा वेल्सच्या खडकावर गोगलगायींचे थर मीटरामीटरांनी रचलेले दिसतात, तर इटलीत तेच थर बोटांच्या मापात आटलेले असतात.

सर्वांत वर, जिथे फक्त तुषार पोहोचतात, तिथे मेलराफे नेरिटॉइडिस. नऊ मिलिमीटरपेक्षा मोठी होत नाही, रंग काळसर निळा. उघड्या, लाटांच्या माऱ्याच्या कड्यांवर ती भरतीरेषेच्या कित्येक मीटर वर चढलेली असते, खडकाच्या फटीत किंवा मेलेल्या बार्नेकलच्या रिकाम्या कवचात दडून. वर इतक्या कोरड्यात राहूनही तिचे मूल पाण्याचेच आहे. उधाणाच्या भरतीला लाटा पोहोचल्या की ती अंडी सोडते आणि डिंभके समुद्रात जातात. म्हणूनच नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत आणि पश्चिमेला अझोर्सपर्यंत तिचा वावर आहे. बेल्जियमच्या वाळूच्या किनाऱ्यावर, जिथे नैसर्गिक खडक नाही, तिथे माणसाने बांधलेल्या दगडी धक्क्यांवरही ती येऊन बसली आहे. बसायला कठीण पृष्ठभाग मिळाला, एवढेच तिला हवे होते.

तिच्या खालच्या पट्ट्यात सॅक्सॅटिलिस येते, आणि इथे थोडे थांबावे लागेल, कारण युरोपातल्या कुठल्याही लहान गोगलगायीचा इतका अभ्यास झालेला नाही. व्हेनिसच्या खाजणातून आणलेल्या नमुन्यांवरून जुझेप्पे ओलिव्ही यांनी १७९२ साली तिचे वर्णन केले. पुढे शंखाचा आकार, रंग, जाडी, कंगोरे पाहून निरनिराळ्या लोकांनी तिला शंभराहून अधिक वेळा ‘नवी जात’ म्हणून जाहीर केले. डेव्हिड रीड यांनी १९९६ साली लिटोरिना वंशावरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हा गुंता बराच सुटला. व्हेनिसची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही मुळात अटलांटिकची गोगलगाय. भूमध्य समुद्रात ती व्हेनिसच्या आसपास आणि ट्युनिशियाच्या गाबेसच्या आखातात, अशा तुटक वस्त्यांतच आढळते. भूमध्यात भरती-ओहोटीचा बऱ्यापैकी पल्ला असलेल्या मोजक्या जागांत या दोन्ही मोडतात. मधल्या हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर ती नाही.

एका जातीची इतकी रूपे का, याचे उत्तर स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर, वायव्य स्पेनच्या गॅलिसियात आणि इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये शोधले गेले. स्वीडनच्या बेटांवर दोन रूपे शेजारी नांदतात. गोट्यांच्या आडोशाच्या किनाऱ्यावर खेकडे असतात. तिथली गोगलगाय मोठी, जाड शंखाची, शंखाचे तोंड अरुंद आणि स्वभावाने भित्री. काही मीटरांवर उघडा कातळ आहे, तिथे खेकडा टिकत नाही पण लाटांचा मार असतो. तिथली गोगलगाय लहान, पातळ शंखाची, तोंड रुंद, म्हणजे खडकाला धरायला पाय मोठा. गॅलिसियात तर एकाच कातळावर वर बार्नेकलच्या पट्ट्यात कंगोऱ्यांची पट्टेदार आणि खाली शिंपल्यांच्या पट्ट्यात गुळगुळीत, अशी दोन रूपे राहतात आणि मधल्या पट्ट्यात एकमेकींत मिसळतात. ही रूपे प्रत्येक देशात बव्हंशी स्वतंत्रपणे घडली, असे जनुकीय पुरावे सांगतात. गुणसूत्रांचे काही मोठे तुकडे उलटे फिरलेले आहेत आणि त्या तुकड्यांत अनुकूल जनुके एकत्र बांधलेली राहतात, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट झाले.

परिस्थितीनुसार रूपे अशी घडतात याचा सर्वांत सुंदर पुरावा एका आपत्तीतून मिळाला. १९८८ साली स्कागेराक समुद्रात विषारी सूक्ष्म शैवालाचा प्रचंड उद्रेक झाला आणि स्वीडनच्या कोस्टर बेटांच्या परिसरातल्या कित्येक लहान खडकांवरून सॅक्सॅटिलिस पुसली गेली. १९९२ साली संशोधकांनी अशा एका रिकाम्या, लाटांच्या खडकावर मुद्दाम खेकड्यांच्या भागातल्या जाड शंखाच्या गोगलगायी सोडल्या आणि वाट पाहिली. तीस वर्षांत त्या वस्तीचे रूप पालटले. शंख लहान, पातळ, रुंद तोंडाचे झाले, जनुकेही लाटांच्या रूपाकडे सरकली. हा वृत्तांत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. लागणारी जनुके आणलेल्या गोगलगायींतच थोड्या प्रमाणात होती, काही शेजारच्या खडकांवरूनही आली. तरंगणारे डिंभक नसल्यामुळेच हे शक्य झाले, असे मला वाटते. दर पिढीत दूरदूरची पिल्ले येऊन मिसळत राहिली असती, तर एका खडकाला आपले रूप इतक्या लवकर घडवता आले नसते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले की पिल्ले पोटात वाढवण्याची ही रीतच लिटोरिना वंशात गेल्या एक लाख वर्षांत आली आहे. उत्क्रांतीच्या हिशेबात हे अगदी अलीकडचे.

आणखी खाली उतरले की तपकिरी शेवाळांचे रान लागते. लिटोरिना ऑब्टुसाटा आणि लिटोरिना फाबालिस या चपट्या टोकाच्या शंखाच्या दोघी बहिणी तिथे राहतात. ऑब्टुसाटा वरच्या पट्ट्यातल्या, हवेच्या फुग्यांच्या शेवाळांवर, आणि तिचा ऑलिव्हसारखा गोल शंख त्या फुग्यांतच मिसळून जातो. फाबालिस खालच्या, करवतीच्या कडांच्या शेवाळावर. तिच्यात पिवळा रंग फार. दोघीही अंड्यांचे पुंजके शेवाळावरच चिकटवतात आणि पिल्ले तिथेच रांगत बाहेर येतात. शेवाळ गेले तर बाळंतपणाची खोलीही जाते. याउलट लॅकुना विंक्टा ही केल्पवरची नाजूक गोगलगाय डिंभके पाण्यात सोडते, शिवाय मोठी झाल्यावरही श्लेष्माचा धागा सोडून पाण्यात वाहत नव्या पानावर जाऊन बसते. केल्पचे पान दरवर्षी झडणारे, तिथे राहायचे तर बिऱ्हाड हलवता आलेच पाहिजे.

खडकातल्या डबक्यांत कोरॅलिना नावाचे गुलाबी, चुनखडीने कडक झालेले शेवाळ असते. त्याचा मूठभर झुबका बादलीत गोड्या पाण्यात हलवून तळाचा गाळ भिंगाखाली घेतला, तर ज्यांना किनाऱ्यावरून चालणाऱ्या हजारांतल्या एकानेही पाहिलेले नसते असे जीव समोर येतात. रिसोआ पार्वा तर असतेच. चारेक मिलिमीटरची, कधी कंगोऱ्यांची, कधी गुळगुळीत. तिच्याबरोबर स्केनिऑप्सिस प्लॅनॉर्बिस, दीड मिलिमीटर रुंदीची चपटी चकती. आणि ओमॅलोगायरा ॲटोमस, मोहरीच्या दाण्याहून मोठी नाही, जी शेवाळाच्या एकेका पेशीतला रस शोषून जगते. फिलिपी यांनी १८४१ साली तिला दिलेले नाव अगदी योग्य आहे. दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर, लाल शेवाळांत, बार्लीया युनिफॅसिआटा मिळते. दगडांखालच्या गाळाच्या फटींत सिंगुला ट्रायफॅसिआटा. डबक्यातल्या एकाच दगडाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला वेगळ्या जाती असतात, याचा प्रत्यय इथे येतो.

काही गोगलगायींना तर पृष्ठभाग म्हणून दुसरा प्राणीच लागतो. पायरॅमिडेलिडी कुळातल्या, दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगायी शिंपल्यांच्या कडेला किंवा नळीत राहणाऱ्या कृमींच्या तोंडाशी बसतात आणि सुईसारख्या सोंडेने त्यांचा रस पितात. ट्रायफोरा आणि सेरिथिऑप्सिस या स्पंजावर जगतात. यांचा नकाशा म्हणजे यजमानाचा नकाशा, त्याहून थोडा लहान.

खडक संपून खाडी लागली की प्रश्न बदलतो. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्याला लागून असलेला वाडेन समुद्र हा ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा विस्तीर्ण प्रदेश आहे. २००९ पासून तो जागतिक वारशात आहे, डेन्मार्कचा भाग २०१४ मध्ये जोडला गेला. या चिखलाची राणी म्हणजे पेरिंजिया अल्वी. लांबी सहा मिलिमीटरपर्यंत, एका चौरस मीटरात हजारोंनी, काही ठिकाणी पिल्लांसह लाखाच्या वर. चिखलावरचे डायाटम हे तिचे अन्न, आणि शेलडक बदकांचे अन्न ती. अंडी घालायला चिखलात कठीण जागा नाही, म्हणून ती अंड्यांच्या पुड्या आपल्याच जातीच्या दुसऱ्या गोगलगायीच्या शंखावर चिकटवते, वर वाळूचे कण लावून. भरती आली की श्लेष्माच्या पडद्याला उलटे टांगून घेऊन ती पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत नव्या जागी जाते.

तिच्या जवळची एक्रोबिया व्हेंट्रोसा दिसायला जवळजवळ तशीच, पण तिला बंदिस्त, कमी खारट खाजणे आवडतात आणि तिची पिल्ले अंड्यातून रांगतच बाहेर येतात. डेन्मार्कच्या लिमफ्योर्डमध्ये या दोघींचा जो अभ्यास टॉम फेन्केल यांनी १९७५ साली मांडला, तो परिसंस्थाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला आहे. दोघी वेगवेगळ्या ठिकाणी एकट्या राहतात तेव्हा आकार साधारण सारखा. एकत्र राहतात तिथे पेरिंजिया मोठी आणि व्हेंट्रोसा लहान, म्हणजे दोघी वेगवेगळ्या आकाराचे कण खातात आणि स्पर्धा टळते. पुढे अनेकांनी यावर शंका घेतल्या. आकारातला फरक परजीवींमुळे, अन्नामुळे किंवा वयाच्या मिश्रणामुळेही पडू शकतो, असे त्यांचे म्हणणे. मला या शंका रास्त वाटतात. पण फेन्केल यांनी खाडीतल्या एकेका कोपऱ्याचे खारेपण आणि वस्ती ज्या बारकाईने मोजली, ती रीत मात्र आजही आदर्श आहे.

खारेपणाचा खरा खेळ बाल्टिकमध्ये दिसतो. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या कॅटेगाटमधून आत जावे तसे पाणी गोडे होत जाते आणि उत्तरेच्या टोकाला बोथनियाच्या आखातात मीठ हजारी तीन भागांच्या आसपास किंवा त्याहून कमी उरते. सागरी गोगलगायी एकेक करून मागे राहतात आणि थिओडॉक्सस फ्लुविआटिलिस ही मूळची नदीतली गोगलगाय समुद्राच्या खडकांवर दिसू लागते. लिटोरिया आज बाल्टिकच्या पश्चिम भागातच थांबते. पण तिचे जुने शंख त्याहून बरेच आत, किनाऱ्याच्या गाळात सापडतात. साधारण साडेसात ते चार हजार वर्षांपूर्वी बाल्टिक आजच्यापेक्षा खारट होता, आणि भूशास्त्रज्ञांनी त्या काळच्या समुद्राला या गोगलगायीवरून लिटोरिना समुद्र असेच नाव दिले. एवढ्याशा प्राण्याने समुद्राच्या इतिहासाचा एक अध्याय वाचून दाखवला, हे मला फार मोलाचे वाटते.

समुद्रगवताच्या कुरणांकडे मात्र काळजीने पाहावे लागते. उत्तरेत झोस्टेरा, भूमध्यात पोसिडोनिया. युरोपात पोसिडोनिया फक्त भूमध्य समुद्रात आहे आणि ४० मीटर खोलीपर्यंत तिची कुरणे पसरतात. पानांवर एक दुनिया, मुळांच्या गुंत्यात दुसरी. पानांवर रिसोआच्या अनेक जाती, जुजुबिनस, ट्रायकोलिया, बिटियम रेटिक्युलाटम. झोस्टेरावर रिसोआ मेम्ब्रानेसिआ. दक्षिण स्पेनच्या कुरणांत स्मॅरॅग्डिया व्हिरिडिस ही हिरवीगार गोगलगाय, जी गवतावरचे शेवाळ न खाता गवतच खाते आणि पानावर असताना दिसतही नाही. १९३० च्या दशकात लॅबिरिन्थुला या सूक्ष्मजीवाच्या रोगाने अटलांटिकच्या दोन्ही बाजूंची झोस्टेराची कुरणे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. वाडेन समुद्रातली कायम पाण्याखालची कुरणे तेव्हा गेली ती परत आली नाहीत. अमेरिकेच्या बाजूला लोटिया अल्वियस नावाची, झोस्टेराच्या अरुंद पानावरच बसू शकणारी चिमुकली गोगलगाय कायमची नाहीशी झाली, आणि ती गेल्याचे लक्षात यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. झोस्टेरा निमखाऱ्या खाड्यांत वाचली होती, पण या गोगलगायीला कमी खारट पाणी सोसत नव्हते. युरोपातली समुद्रगवताची कुरणे १८६९ ते २०१६ या काळात सुमारे एक तृतीयांशाने घटली, असा एका मोठ्या संकलनाचा निष्कर्ष आहे. या शतकात काही ठिकाणी ती सावरू लागली आहेत. १९९२ च्या युरोपीय अधिवास निर्देशात पोसिडोनियाची कुरणे आणि किनारी खाजणे, दोन्ही अग्रक्रमाच्या अधिवासांत आहेत. लहान गोगलगायींसाठी जातीनिहाय संरक्षणापेक्षा हे संरक्षण मला जास्त उपयोगाचे वाटते. डॉर्सेटच्या चेसिल बीचमागे फ्लीट नावाचे खाजण आहे. तिथे गोट्यांच्या बांधातून समुद्राचे पाणी झिरपते, आणि त्या गोट्यांच्या पोकळ्यांत सीकम आर्मोरिकम ही नळीसारख्या शंखाची, काही मिलिमीटरची गोगलगाय राहते. तिला वाचवायचे तर तो झिरपा वाचवावा लागेल.

माणसाने या नकाशात काय केले, याची दोन उदाहरणे पुरेत. पहिले न्युसेला लॅपिलस या शिकारी गोगलगायीचे. आकाराने ती या लेखातल्या बहुतेक गोगलगायींपेक्षा मोठी, तीनेक सेंटिमीटरची. १९७० च्या सुमारास प्लिमथच्या आसपास तिच्या माद्यांना नराचे अवयव फुटलेले दिसले. पुढे कळले की बोटींच्या तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगातले ट्रायब्युटिल टिन हे याचे कारण, आणि पाण्याच्या एका लिटरमध्ये नॅनोग्रॅमच्या मापात ते असले तरी पुरते. अंडनलिका बुजते, अंडी आतच अडकतात, मादी मरते. फ्रान्सने १९८२ मध्ये, ब्रिटनने १९८७ मध्ये २५ मीटरहून लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. जागतिक करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. पाणी सुधारले, तरी गोगलगाय लगेच परतली नाही, कारण तिचीही पिल्ले खडकावरच्या पुडीतून रांगत निघतात. बंदरांजवळचे रिकामे खडक भरायला वर्षानुवर्षे लागली. रॉकॉलवर जो गुण कामी आला, तोच इथे आडवा आला.

दुसरे उदाहरण परक्यांचे. न्यूझीलंडची पोटॅमोपायर्गस अँटिपोडारम एकोणिसाव्या शतकात जहाजांतून युरोपात आली. टेम्सच्या खाडीतल्या नमुन्यांवरून १८८९ साली तिचे जेन्किन्सी या नावाने वर्णन झाले. तिची मादी नराशिवाय पिल्ले देते, म्हणून एकटी आली तरी वसाहत होते. बाल्टिकच्या निमखाऱ्या पाण्यात आज ती सर्वत्र आहे. भूमध्याच्या पूर्व टोकाला चित्र याहून गंभीर आहे. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि तांबड्या समुद्रातले जीव येत राहिले, त्यात पाणीही तापत गेले. इस्रायलच्या किनाऱ्यावर तळाच्या गाळातले जुने शंख आणि आज जिवंत सापडणाऱ्या जाती यांची तुलना २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. उथळ पाण्यात मूळच्या मृदुकाय जातींपैकी मऊ तळावर सुमारे १२ टक्के आणि खडकावर सुमारे ५ टक्केच उरल्याचे त्यात दिसले. उष्णतेला अजून उत्तरेकडे सरकायला जागा आहे, भूमध्यातल्या जातींना मात्र उत्तरेला किनाराच आडवा येतो.

तापमानाचा ठसा ब्रिटनमध्येही स्पष्ट आहे. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात फोर्कस लिनिआटस ही दक्षिणेची गोगलगाय तिच्या उत्तर सीमेवर मोठ्या प्रमाणावर मेली. १९८० नंतर हिवाळे सौम्य होत गेले तशी ती आणि तिची नातेवाईक स्टेरोम्फाला अम्बिलिकॅलिस, दोघी आपली जुनी सीमा ओलांडून पुढे गेल्या. प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेतल्या लोकांनी पूर्वीचेच किनारे पुन्हा पुन्हा मोजले म्हणून हे सांगता येते. अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या फेरमोजण्या थांबवू नयेत, हे इथे ठासून सांगावेसे वाटते. इंग्लिश खाडीच्या पूर्व भागात या दोघींना अडवणारी गोष्ट नुसती थंडी नव्हती. आयल ऑफ वाइटच्या पलीकडे खडकाळ किनारे विरळ आहेत, मध्ये वाळू आणि गोट्यांचे लांब पट्टे आहेत. म्हणजे पुन्हा ‘कशावर’ हाच प्रश्न.

नोंदींबद्दल दोन शब्द. समुद्रतळाच्या पाहण्यांत गाळ बहुधा एक मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात. या चाळणीतून कितीतरी पिल्ले आणि सर्वांत लहान जाती निसटतात, आणि मग ‘आढळली नाही’ अशी नोंद होते. दुसरी अडचण रिकाम्या शंखांची. लाटा हलके शंख दूर नेऊन टाकतात, म्हणून पुळणीवर सापडलेला शंख ही तिथे राहण्याची साक्ष नव्हे. ब्रिटनच्या शंखशास्त्र सोसायटीने, जी १८७६ पासून काम करते, जिवंत आणि मृत नोंदी वेगळ्या ठेवण्याची शिस्त पाळली आहे. इतर अनेक संकलनांत ती दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात जॉन ग्विन जेफ्रीज यांनी शेटलंडपासून भूमध्यापर्यंत जमवलेला संग्रह आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, आणि त्यावरची जुनी लेबले पाहून आजही तुलना होते. त्यात जागा असते, खोलीही असते. कशावर सापडली, हे फार थोड्या लेबलांवर असते.

ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स किंवा जर्मनीच्या किनाऱ्यावर राहणारे मराठी वाचक आता थोडे नाहीत. त्यांना एक विनंती. ओहोटीला दगड उलटून पाहिलात तर तो पुन्हा होता तसाच ठेवा, कारण खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात मरतात. फोटो काढून नागरिकांच्या नोंदींच्या कुठल्याही खुल्या संकलनात टाकाल, तेव्हा तारीख आणि जागेबरोबर ती गोगलगाय जिवंत होती की रिकामा शंख होता, भरतीरेषेपासून किती खाली होती, आणि कुठल्या शेवाळावर, गवतावर किंवा दगडाच्या कुठल्या बाजूला होती, एवढे जरूर लिहा.